नियम तोंडपाठ आहेत, तरीही चेंडूवरचे बल वरच्याच दिशेला!

प्रश्न
मी माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. न्यूटनचे तिन्ही नियम मुलांना तोंडपाठ आहेत, सूत्रात किमती घालून उत्तरेही ती बिनचूक काढतात. मात्र सरळ वर फेकलेला चेंडू हातातून सुटून वर जात असताना त्याच्यावर कोणत्या दिशेने बल असते असे विचारले, की जवळजवळ सारा वर्ग ‘वरच्या दिशेने’ म्हणतो. प्रयोग दाखवला की वर्ग रंगतो, पण पुढच्या तासाला उत्तर तेच. आपण नेमके काय करता?

प्रतिसाद १
मॅडम, प्रयोगाआधी अंदाज लिहून घेता का? मी नाणे आणि त्याहून किंचित लहान कागदी चकती वेगवेगळी सोडून दाखवतो. कागद तरंगत मागे राहतो. आता चकती नाण्यावर ठेवून नाणे आडवे सोडले तर काय होईल, हे प्रत्येकाने कारणासह वहीत लिहायचे. दोन्ही एकत्र खाली येतात, तेव्हा ‘कागद मागे राहील’ असे लिहिणाऱ्याला स्वतःच्याच अक्षरातल्या वाक्याचा जाब द्यावा लागतो. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले होते. ती चित्रफीत मी यानंतरच दाखवतो, कारण आधी दाखवली तर ती नुसती गंमत ठरते.

प्रतिसाद २
अंदाजाला मापनाची जोड हवी. एकाने उभी धरलेली पट्टी न सांगता सोडायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी उघडी ठेवलेली बोटे मिटून ती पकडायची. पट्टी २० सेंटिमीटरवर पकडली गेली, तर त्वरण ९.८ धरून वेळ सुमारे ०.२ सेकंद येतो. आपल्या बोटांना पट्टी पकडायला लागलेला वेळ काढायचा म्हटल्यावर सूत्र मुलेच मागतात.

प्रतिसाद ३
दोन्ही प्रयोग उत्तम आहेत, पण मॅडमचा चेंडू बाजूलाच राहिला. माझ्या मते घोळ भाषेत आहे. आपण ‘जोरात फेकला’ म्हणतो आणि ‘जोर लावला’ही म्हणतो, त्यामुळे वेग आणि बल मुलांच्या मनात एकाच शब्दाखाली नांदतात, आणि ‘हाताचा जोर चेंडूत उरला आहे’ हे त्यांना अगदी स्वाभाविक वाटते. मी फळ्यावर चेंडूची पाच स्थाने काढून वेगाचे बाण लाल आणि बलाचे पांढरे काढायला लावतो. अट एकच: प्रत्येक पांढऱ्या बाणाशेजारी ते बल कोण लावते आहे, त्या वस्तूचे नाव लिहायचे. हात तर सुटलेला असतो, त्यामुळे हवेचा विरोध सोडला तर पृथ्वीखेरीज नाव सापडत नाही. लाल बाण आखूड होत जातो, टोकाला शून्य होतो, मग उलटतो. पांढरा पाचही ठिकाणी तेवढाच आणि खालीच.

मूळ प्रश्नकर्ती
आभारी आहे. ही आकृती उद्याच काढून घेते. टोकाच्या स्थानावरचा पांढरा बाण पुसायला कोणीतरी नक्की उठेल, हा माझा अंदाज मात्र आजच वहीत लिहून ठेवते.