ईएस-१७५: जुनी की नवी? (माझं मत: नवी)

मुठेकाठचा

तीन महिने घरात हाच विषय चाललाय. बायको आता 'गिटार' शब्द ऐकला की उठून आत जाते. म्हणून इथे टाकतोय.

मला गिब्सन या अमेरिकी कंपनीची ईएस-१७५ ही इलेक्ट्रिक जॅझ गिटार घ्यायचीय. आयुष्यात एकदाच. समोर दोन आहेत. पहिली १९७४ची, वांद्र्याच्या एका घरातली. वाजवणारे आजोबा गेले, मुलांना विकायचीय. दुसरी २०१३ची, मेंफिसच्या कारखान्यातली, आतेभावाच्या मित्राकडे न्यू जर्सीत. सगळा खर्च धरून किंमत जवळपास सारखी पडते, जुनी थोडी महाग. ज्याला विचारावं तो म्हणतो, "जुनं ते सोनं." मला नाही पटत.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: ही १९४९ला बाजारात आली तेव्हा तिची किंमत १७५ डॉलर होती, नाव त्यावरूनच पडलं. सव्वासोळा इंच रुंद, आतून पूर्ण पोकळ, व्हायोलिनसारखी दोन एफ-भोकं, एका खांद्याला टोकदार कट. गिब्सनच्याच ईएस-३३५च्या पोटात मधोमध लाकडी ठोकळा असतो, तो हिच्यात नाही. हर्ब एलिस, जिम हॉल, जो पास, सगळ्या जॅझवाल्यांच्या मांडीवर हीच.

आता मुद्दा. हिची छाती, म्हणजे वरची फळी, गिब्सनच्याच एल-५सारखी अखंड स्प्रूस लाकूड कोरून केलेली नाही. पातळ थर एकमेकांना चिकटवून साच्यात दाबलेली आहे. सरळ भाषेत प्लायवूड. "जुनं लाकूड वाळतं, मोकळं होतं, गाऊ लागतं" हे कोरीव गिटारबद्दल मी ऐकून घेईन. इथे दोन थरांच्या मधे गोंद बसलाय. पन्नास वर्षांत तो मोकळा झाला तर त्याला आवाज खुलणं म्हणत नाहीत, थर सुटणं म्हणतात.

दुसरं, जुनी म्हणजे कुठली जुनी? १९५७ला हिच्यावर हंबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचे, पिकअप (तारांचा कंप पकडून ॲम्पकडे पाठवणारे चुंबक) आले. तेव्हापासून साधारण १९६२पर्यंतच्या पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी असायची, आणि त्या चिठ्ठीसाठी आज लोक फ्लॅट विकतील. (नंतरच्या चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक छापला, तोही भलत्याच वस्तूचा, लेस पॉलच्या टेलपीसचा (तारांची मागची टोकं अडकवायच्या पट्टीचा)! भाविकांना त्याचंही काही वाटत नाही.) पण मला मिळतेय ती १९७४ची. १९६९ला कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली, तो नव्या मालकांच्या नावावरून नॉर्लिन काळ. नेक (दांडी) तीन तुकडे जोडून केलेली, हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या डोक्याच्या) मागे व्होल्यूट नावाचा लाकडी टेंगूळ. कालपरवापर्यंत याच काळातल्या गिटारींना लोक नाकं मुरडत होते. पन्नाशी गाठली म्हणून त्या एकदम वंदनीय?

आणि शेवटचं. 'येस' या रॉक बँडच्या स्टीव्ह हाउने त्याची १९६४ला दुकानातून नवी कोरी घेतली. हर्ब एलिसचंही तेच. या लोकांनी विंटेज घेतली नव्हती. नवी घेऊन, झिजवून, ती विंटेज केली.

बोला.

खर्जातला सा

अरे मुठेकाठच्या, प्लायवूड प्लायवूड काय लावलंयस? स्वयंपाकघराचं कपाट नाही ते.

माझं वय एकाहत्तर. सत्तरच्या दशकात मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचो. तेव्हा परदेशी गिटार दुकानात जाऊन घ्यायची सोयच नव्हती. आमच्या बँडमधली १७५ गोव्याच्या एका तारवटीने (खलाशाने) बोटीवरून आणलेली होती, साठच्या दशकातली. चौघे आळीपाळीने वाजवायचो. रंगभवनला मैफल ऐकून यायचं आणि रात्री दोनला तिच्यावर ते सूर शोधत बसायचं. नंतर ती विकली गेली. कोणी विकली ते विचारू नकोस.

ती कधी ॲम्पला न जोडता वाजवून बघ. पोटाला टेकवायची, जाड तारेवर पाचव्या पडद्यावरचा ए दाबायचा आणि अंगठ्याच्या मांसाने छेडायचा. नखाने नाही. आधी बरगडीला ठोका कळतो, मग कानाला सूर कळतो. सूर लांबत नाही, 'थम्' करून बसतो. तबल्यावर थाप बसते तसा. हे त्या दाबलेल्या थरांमुळेच होतं. अखंड स्प्रूसची गिटार असं बसून बोलत नाही, ती पसरते. म्हणजे तू ज्याला दोष म्हणतोस तोच तिचा आवाज आहे.

आता जुनीत काय बदलतं? गोंद नाही, वरचं रोगण. नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षानुवर्षं आकसत जातं, पातळ आणि कडक होतं, जुन्या चिनीमातीच्या बशीसारखं त्यात बारीक चिरांचं जाळं येतं. आणि नेकच्या कडा. पन्नास वर्षं एखाद्याचा तळवा तिथून फिरला की कडा गुळगुळीत गोल होतात. ते कारखान्यात यंत्राने करतात आता, मी हात लावून पाहिलंय. नव्या जोड्याला पॉलिश मारल्यासारखं वाटतं.

स्टीव्ह हाउने नवी घेतली, कबूल. पण जिम हॉलने वापरलेलीच घेतली होती, हॉवर्ड रॉबर्ट्स या दुसऱ्या गिटारवाल्याची. पॅट मेथेनीला शाळकरी वयात मिळाली तीही वापरलेली. तुझ्या यादीत ही नावं बरी सुटली.

ट्यूबलाइट

दोघांनाही नमस्कार. एकच सूचना: १९५७च्या आधीची कोणी दाखवली तर लांबूनच हात जोडा. तिच्यावर पी-९०, म्हणजे एकेरी गुंडाळीचे पिकअप. आवाज देखणा. पण आमच्यासारख्यांच्या घरी अर्थिंगची पिन नुसती शोभेला असते, वर जुन्या चोकची ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर. मित्राची पी-९० गिटार घरी आणली होती. पंखा तीनवर केला की गिटारही तीनवर गुणगुणायची. शेवटी पंखा बंद करून घामाघूम जॅझ वाजवलं.

पाना नंबर दहा

मी गिटारी दुरुस्त करतो, पुण्यातच. वरचं सगळं वाचलं. गिटार कोणीच उघडून पाहिलेली नाही असं दिसतंय.

साल विसरा. वांद्र्याला जाताना तीन गोष्टी न्या: दातांचे डॉक्टर वापरतात तसा छोटा आरसा, मोबाईलची बॅटरी आणि पोलादी पट्टी. आरसा एफ-भोकातून आत घालायचा. छातीच्या आतून दोन लाकडी पट्ट्या लांबीने जातात, त्या कुठे सुटल्यात का बघायचं. ब्रिजचा (तारांखालच्या घोडीचा) सगळा भार त्यांच्यावर असतो. पट्टी सुटली की छाती ब्रिजखाली खचते. बाहेरून कळत नाही, कारण छाती मुळातच फुगीर.

मग ब्रिजची उंची. त्याच्या दोन बाजूंना स्क्रूवर चाकं असतात, ती फिरवून ब्रिज वरखाली होतो. चाकं तळाला टेकली असतील आणि तारा तरीही पडद्यांपासून उंच असतील, तर नेकचा कोन गेला. ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) पिळून ते सुटत नाही. नेक उतरवून, सांधा पुन्हा तासून बसवावी लागते. वाफेने सोडवायचं काम आहे ते. मी करतो, पण खुशीने नाही. पोलादी पट्टी पडद्यांवर उभी ठेवून ब्रिजकडे सरकवा, टोक ब्रिजच्या माथ्याच्या आसपास आलं पाहिजे. खूप खाली गेलं तर चहा पिऊन परत या.

मुंबईच्या हवेचं म्हणाल तर लाकडाआधी धातू जातो. पिकअपच्या कव्हरवर हिरवट बुरशी, व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (बटणाखालच्या भागात) खरखर. ही किरकोळ कामं, भावात घासाघीस करायला उपयोगी. एक मात्र सांगतो: गेल्या पावसाळ्यात एकाने नवीकोरी नायट्रो फिनिशची गिटार रबरी पट्टीच्या स्टँडवर चार महिने उभी ठेवली. रबराने लॅकर खाल्लं. पाठीवर स्टँडचा छाप उठलाय, कायमचा. नवी होती हं.

आणि मुठेकाठचे साहेब, त्या टेंगळाला हसू नका. गिब्सन पडली की हमखास एकाच जागी मोडते, नट (तारा हेडस्टॉकपाशी ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात ती) आणि हेडस्टॉकच्या सांध्यात. ट्रस रॉड पिळायच्या चाकीसाठी तिथलंच लाकूड कोरलेलं असतं. व्होल्यूटमुळे नेमक्या त्या जागी लाकूड जास्त राहतं. तीन तुकड्यांची नेकही मजबुतीसाठीच. नॉर्लिनवाल्यांनी बाकी काय केलं असेल ते असो, माझ्या टेबलावर मोडून येतात त्यांत व्होल्यूटवाल्या फार कमी.

जुन्यातही टाळायची असेल तर १९६५ ते ६८ची टाळा. नट चिंचोळा, ३९.७ मिमी. एरवी ४२.९ असतो. तीन मिमीने काय होतं म्हणाल, तर सी मेजर सेव्हन दाबताना बोट शेजारच्या तारेवर जातं. ७४ला तो त्रास नसावा, पण मोजून घ्या.

मुठेकाठचा

पाना, व्होल्यूटचा मुद्दा खाल्ला. मागे घेतो.

पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. पट्ट्या, नेकचा कोन, पॉट, हे सगळे प्रश्न जुनीचे. २०१३च्या गिटारला यातलं काही विचारावं लागत नाही. आणि खर्जातला सा काका, तुमचा 'थम्' मला मान्य, पण तो थरांमुळे येत असेल तर नवीतही येणार. थर तिथेही आहेतच. मग जुनीच का?

हडसनपारचा

मी जर्सीत राहतो म्हणून लिहितोय. २०१३ची निर्धोक हा तुझा समज काढून टाक. इथे हिवाळ्यात घरात हीटिंग चालू असतं, हवेतली आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या खाली जाते. ज्याने ह्युमिडिफायर लावला नाही त्याच्या गिटारचा फिंगरबोर्ड आकसतो आणि पडद्यांची टोकं कडेला बाहेर येतात, हाताला करवतीसारखी लागतात. तीच गिटार जूनमध्ये पुण्यात उतरवलीस तर फुगेल. दहा वर्षांत एका जागी शांत बसलेली नाही ती. वांद्र्याची निदान पन्नास पावसाळे पाहून झालीय. काय व्हायचं ते होऊन गेलं असणार.

प्रवास वेगळाच. केबिनमध्ये घेऊ देतील याची खात्री नाही, आणि सामानाच्या पोटात गेली तर पानांनी सांगितलेली नट-हेडस्टॉकची जागा आठव. तुझ्या २०१३ला व्होल्यूट नाही. पाठवणाऱ्याला तारा सैल करायला सांग आणि हेडस्टॉकच्या खाली-वर टी-शर्ट कोंबायला सांग.

एक गंमत. जुन्या १७५चे फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचे. ते झाड १९९२पासून वन्यजीव व्यापार कराराच्या सर्वांत कडक यादीत, त्यामुळे ती सीमेपलीकडे न्यायची तर कागदपत्रं. साठच्या दशकाच्या मध्यानंतर अमेरिकेतले कारखाने भारतीय रोझवुडकडे वळले. म्हणजे आपलं शिसव. २०१७ला त्यावरही बंधनं आली होती, २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. तेव्हा वांद्र्याच्या गिटारचं शिसव बहुधा इकडूनच मिशिगनला, गिब्सनच्या तेव्हाच्या कारखान्यात, गेलं असेल, आणि आता पुण्याला जायचं की नाही यावर तू धागा काढलायस.

बेसवाला

मुळात १७५च कशाला? ड्रमर असलेल्या बँडमध्ये वाजवणार असाल तर दोन्ही रडवतील. पोकळ पेटी ॲम्पसमोर आली की घुमायला लागते, मग तुम्ही एफ-भोकांत मोजे कोंबणार. जपानी आयबानेझची जीबी१० बघा, जॉर्ज बेन्सनसाठी १९७७ला काढलेली. पेटी लहान, पिकअप छातीला न टेकता तरंगते. कमी घुमते. पण तुम्हाला आवाज नाही, पोथी हवीय.

खर्जातला सा

बेसवाल्याने गिटारवर बोलू नये हा आमच्या बँडचा नियम होता.

मुठेकाठच्या, प्रश्न बरोबर विचारलास. थर नवीतही आहेत. पण ते दाबणारे हात नाहीत. ७४ची मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यात झाली. १९८४ला तो बंद झाला, तेव्हा तिथल्या काही कारागिरांनी त्याच इमारतीत हेरिटेज नावाने नवी कंपनी काढली. जागा सोडवेना त्यांना! नॉर्लिनच्या मालकांना नावं ठेव, पण घासणारा, दाबणारा, कान लावणारा माणूस तोच होता. पोकळ गिटारीत हे कळतं. भरीव फळीत नाही कळणार, पोकळीत कळतं.

हे मी सिद्ध करून दाखवू शकत नाही. डोळे बांधून दोन गिटारी दिल्यास तर कदाचित चुकेनही. पण मला ती डोळे उघडे ठेवून वाजवायचीय. आणि तुझा मेंफिसचा कारखानाही आता बंद झालाय, बाळा. तुझी नवीही जुनीच.

मुठेकाठचा

काल वांद्र्याला जाऊन आलो. आरसा, बॅटरी, पट्टी सगळं नेलं होतं. दार उघडणाऱ्या बाईंना वाटलं मी बँकेतून मूल्यमापनाला आलोय.

केस उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास. गिटार उचलली तर आत काहीतरी गडगडलं. म्हटलं, संपलं, पट्टी सुटली. आरसा घातला. डांबरगोळी होती, कोणीतरी कसर लागू नये म्हणून एफ-भोकातूनच टाकलेली. ती बाहेर काढायला वीस मिनिटं, गिटार उलटी धरून. तोवर बाईंनी चहा केला.

पट्ट्या जागेवर आहेत. नट ४३ला अगदी किंचित कमी. व्हॉल्यूम फिरवला की शेंगदाणे भाजल्यासारखा आवाज. नवव्या पडद्यापर्यंतचे पडदे बरेच बसलेत, विशेषतः बारीक तारांखाली. हे आजोबा खालच्या दोन तारांवर जगत असावेत.

काका, तुम्ही सांगितलेला ए छेडला. ॲम्पला न जोडता. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्ही जिंकाल.

बयाणा दिलेला नाही. बाई म्हणाल्या, रविवारपर्यंत थांबते. ब्रिजच्या चाकांखाली मोजून दोन मिमी जागा उरलीय, आणि पोलादी पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्यापेक्षा साधारण तेवढंच खाली येतंय. पाना, चालेल का हे?

पाना नंबर दहा

काठावर आहे. तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या) होत्या? तेराच्या असतील आणि तुम्ही बारा लावणार असाल तर थोडी सैल पडेल. शनिवारी मी दादरला येतोय, तिथून वांद्रे लांब नाही. बाईंना सांगून ठेवा. आणि येताना ॲलन-कीचा सेट आणा, माझा एकाने नेलाय.