ड्रॉइंगवर मापं कशी टाकायची? छोट्या वर्कशॉपसाठी सल्ला हवाय (बडोदा)

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत माझ्या काकांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. मी कॉमर्सची, पण आता तिथला कारभार मीच बघते. आजवर काम नमुन्यावर चालायचं: पार्टी जुना पार्ट आणून ठेवायची, काका मोजून तसाच करून द्यायचे. नवी पार्टी मात्र म्हणते, आधी ड्रॉइंग द्या, ते मंजूर झालं की मग ऑर्डर. काका ड्रॉइंग वाचतात, काढायचं काम माझ्याकडे आलंय.

पहिला पार्ट साधा आहे. एमएसची (साध्या पोलादाची) प्लेट, १२० × ८० मिमी, जाडी १२. चार कोपऱ्यांत एम१० बोल्टची आरपार भोकं, मधोमध बुशसाठी (शाफ्ट ज्यातून जातो ती नळी) २५चा बोअर, म्हणजे अचूक गोल भोक, आणि मागच्या तोंडावर डावीकडे एक उभी खाच, ६ रुंद, ३ खोल, वरपासून खालपर्यंत.

हातानं काढायला शिकू की सरळ कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर? क्लास लावावा का? आणि निदान कोणते नियम पाळले की मशीनवरचा माणूस फोन न करता काम करेल?

जुना_ड्राफ्ट्समन

ताई, आधी थोडे दिवस हातानं काढा. रावपुऱ्यात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात बोर्ड, सेट स्क्वेअर, २एच आणि एचबी पेन्सिल मिळेल. कॅडमध्ये रेषेची जाडी हा एक आकडा असतो. हातानं जाड आणि बारीक रेष ओढली की डोळ्याला फरक कायमचा कळतो. आम्ही कलाभवनात असेच घडलो. सयाजीरावांनी १८९० मध्ये ती संस्था काढली तेव्हापासून या गावात बोर्डावर बसणाऱ्यांची परंपरा आहे, ती अशी वर्कशॉपमधून पुढे चालताना बघून फार बरं वाटतं.

वस्तूची बाह्यरेषा जाड. मापाच्या रेषा बारीक, साधारण निम्म्या जाडीच्या. लपलेल्या कडा तुटक, मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांची. मापाची पहिली रेष वस्तूपासून ८-१० मिमी दूर ठेवा. कडेवरून निघणारी बारीक रेष मापरेषेच्या पलीकडे दोनेक मिमी जाऊ द्या. बाण रुंदीच्या तिप्पट लांब आणि भरलेला. मध्यरेषेला किंवा बाह्यरेषेला मापरेषा म्हणून कधीही वापरू नका. प्रत्येक आकड्यापुढे मिमी लिहू नका. सगळी मापं मिमीत आहेत हे टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या माहितीची चौकट) एकदा लिहिलं की झालं. टायटल ब्लॉक उजव्या खालच्या कोपऱ्यात.

तुमची खाच मागच्या तोंडावर आहे, म्हणून समोरच्या दृश्यात ती तुटक रेषांनी दिसेल. तुटक रेषांवर माप टाकू नका. वरून बघा: खाच वरपर्यंत गेलेली असल्यामुळे वरच्या दृश्यात ती खोबणीसारखी स्पष्ट दिसते. ६ आणि ३ तिथे लिहा.

आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, म्हणजे वरचं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. पार्टी अमेरिकन ग्राहकांचं काम करत असेल तर थर्ड अँगल मागेल, त्यात वरचं दृश्य वरच येतं. तेव्हा आधी विचारून घ्या आणि कोणता अँगल ते सांगणारं निमुळत्या शंकूचं चिन्ह न विसरता टाका. ते नसलं आणि वाचणारा थर्ड अँगलवाला निघाला, तर खालचं दृश्य तो खालून बघितलेलं समजेल आणि खाच त्याला पुढच्या तोंडावर दिसेल. तुटक रेषांशी ते जुळत नाही हे त्याच्या लक्षात आलं तर फोन येईल. नाही आलं तर खाच पुढे पाडून मोकळा होईल.

मापं सगळी डाव्या आणि खालच्या कडेवरून द्या. एकच सुरुवात, गोंधळ नाही.

क्यूसी_ताई

ड्राफ्ट्समन काकांच्या शेवटच्या दोन वाक्यांवर थोडं थांबते. मांजलपूरकर, ही प्लेट कशावर बसते? बोल्ट फक्त आवळायला आहेत की जागाही तेच ठरवतात? हे कळल्याशिवाय मापं कुठून द्यायची ते सांगता येत नाही.

मांजलपूरकर

आत्ताच काकांना विचारलं. फ्रेमवर ६ मिमीची एक पट्टी आहे, खाच तिच्यावर बसते, मग बोल्ट आवळतात. बुशमधून शाफ्ट जातो. खाचेचा मध्य डाव्या कडेपासून २५वर आहे.

क्यूसी_ताई

मग इथे सगळ्यात मोलाचं माप म्हणजे खाचेच्या मध्यापासून बोअरच्या मध्यापर्यंतचं, ३५. शाफ्ट कुठे येणार ते तेच ठरवतं. बोल्टची भोकं ⌀११ (व्यास ११) ठेवली की बोल्टला १ मिमी मोकळीक मिळते, त्यामुळे बोल्ट जागा धरत नाहीत.

आता कडेवरून मापं देऊन बघा. खाच २५वर, बोअर ६०वर. ज्या मापांना वेगळा टॉलरन्स, म्हणजे कमी-जास्त चालणारी सूट, नाही त्यांना सर्वसाधारण टॉलरन्स लागतो, बहुतेक जण आयएसओ २७६८चा मध्यम वर्ग लिहितात. त्यात ६ ते ३० मिमीला ±०.२, आणि ३०च्या पुढे १२०पर्यंत ±०.३. म्हणजे २५ला ±०.२, ६०ला ±०.३. दोन्ही मापं पास, आणि मधलं ३५ मात्र ±०.५पर्यंत हललेलं! इन्स्पेक्शनला प्लेट बरोबर, जोडायला गेलं की शाफ्ट अडकतो. म्हणून ३५ थेट लिहा आणि त्याला पार्टीला हवा तो टॉलरन्स द्या, समजा ±०.०५. बोअर ६०वर असं मग लिहायचं नाही.

दुसरं, साखळी बंद करू नका. भोकांची आडवी मापं १५, ९०, १५ आणि वर एकूण १२० असं चारही लिहिलंत तर ड्रॉइंग स्वतःशीच भांडतं. तीन मापांची सूट मिळून ±०.७ होते, आणि १२०ला फक्त ±०.३ आहे. मशीनवाल्यानं कुणाचं ऐकायचं? दोन्ही टोकांचे १५ काढून टाका. ९० आणि उभं ५० बोअरच्या मध्यरेषांवर समसमान दाखवा, एकूण १२० आणि ८० ठेवा. माहितीसाठी एखादं माप हवंच असेल तर ते कंसात लिहितात. कंसातलं माप तपासलं जात नाही.

बोअरला ⌀२५ एच७ लिहा, म्हणजे २५.००० ते २५.०२१. बुश कोणती बसवणार ते बघून तुमच्या काकांकडून पक्कं करून घ्या.

जुना_ड्राफ्ट्समन

पट्टीवर बसते म्हटल्यावर ताईंचंच खरं, खाच हाच आधार. नुसती फ्लेम कटिंगची बेस प्लेट असती तर कडेवरून चाललं असतं.

लेथवरचा

मशीनवर उभं राहणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. आमच्याकडे कुणी गुजराती, कुणी बिहारचा, कुणी मराठी. वाक्यं लिहून उपयोग नाही, चिन्हं सगळ्यांना कळतात. चार भोकांना चार वेळा माप देऊ नका, एका भोकाला बाण लावून ४ × ⌀११ लिहा. त्रिज्येला आर, कडा मारायची असेल तर १ × ४५°. आणि एच७ लिहिलंत तर प्लग गेज किंवा बोअर गेजची (भोकाचं माप तपासायची साधनं) सोय आहे का ते आधी बघा. ०.०२च्या व्हर्निअरनं ते तपासलं असं कुणी म्हणालं तर मानू नका.

ए३वर काढलेलं ड्रॉइंग ए४वर छापून देऊ नका. सगळं सुमारे ७१ टक्के होतं, २.५ मिमीचे आकडे १.८चे होतात आणि तेलकट हाताखाली ३ आणि ८ सारखेच दिसतात. मग कुणीतरी प्रिंटवर फूटपट्टी लावतो आणि स्केल तर बदललेला असतो. ड्रॉइंगवरून माप मोजू नये अशी सूचना छापाच, पण आकडाही असा द्या की फूटपट्टीची गरजच पडू नये. माझे आकडे ३.५ मिमीचे असतात.

मांजलपूरकर

हे सोनं आहे, सगळ्यांचे आभार. ३५चं गणित काकांना दाखवलं, ते लगेच पार्टीला फोन करायला उठले. क्लासचं काय? आणि कॅड कुठलं?

क्यूसी_ताई

आयटीआयचा ड्राफ्ट्समन ट्रेड दोन वर्षांचा असतो, तुम्हाला एवढ्याची गरज नाही. भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६ मिळवा. ते शाळा-कॉलेजांसाठीच आहे, रेषा, अक्षरं, मापं सगळं चित्रांसकट दिलंय. आधी मापांचं प्रकरण वाचा, भूमितीची प्रकरणं सध्या सोडून द्या.

कॅडसाठी लिब्रेकॅड फुकट आहे, प्लेट-फ्लँजला पुरतं. डीएक्सएफ फाइल निघते, ती लेझर कटिंगवाल्यांना चालते. एक मात्र पाळा: माप बदलायचं झालं तर आकडा वरून टाइप करू नका, रेषाच हलवा. नाहीतर कागदावर ३५ दिसेल आणि लेझर फाइलमधलं ३४ कापेल.

जुना_ड्राफ्ट्समन

आणि पहिलं ड्रॉइंग झालं की इथे टाका, पार्टीचं नाव झाकून. टायटल ब्लॉकमध्ये रिव्हिजनचा रकाना ठेवा. पार्टी बदल सुचवेल तेव्हा जुन्या प्रिंटवर रेघोट्या न मारता नवा रिव्हिजन नंबर द्या आणि वर्कशॉपमधली जुनी प्रिंट परत मागून घ्या.