मदत हवी आहे: होडीच्या ट्रेलरचं डावं बेरिंग पुन्हा गेलं

मालवणात आहे. १४ फुटी फायबरची होडी, एका एक्सलचा ट्रेलर. होडी उतरवायचा उतार उथळ, त्यामुळे हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेरिंग बसतं) खाऱ्या पाण्यात बुडतोच. नारळी पौर्णिमेआधी दोन्हीकडची ३०२०५ नंबरची बेरिंगं कपासकट (बाहेरच्या कड्यासकट) बदलली, ऑइल सील (पाणी आत शिरू न देणाऱ्या रबरी रिंगा) नवे, लिथियम ग्रीस हाताने दाबून भरलं. काल डावं चाक जॅकवर फिरवलं तर घरघर. उघडलं तर ग्रीस दुधाळ, म्हणजे पाणी शिरलंय, रोलरवर गंजाचे ठिपके. उजवं ठणठणीत.

नट फार आवळला नव्हता. गरम हब लगेच पाण्यात घालत नाही, अर्धा तास थांबतो. गोड्या पाण्याने धुणंही होतं.

डाव्या एक्सलवर सीलचा ओठ टेकतो तिथे नखाला लागेल असा चर पडलाय. माझा संशय त्यावरच. लेथवाला म्हणतो वेल्डिंगने भरून घासू, पण उष्णतेने एक्सल वाकायची भीती वाटते. चरावर पातळ स्टीलची स्लीव्ह (नळीसारखं कडं) ठोकून खाऱ्या पाण्यात कुणी चालवलंय का? किती टिकली, की सरळ एक्सलच बदलू?