बगॅसच्या डब्यातून तर्री झिरपते. विद्यापीठाबरोबरचा प्रकल्प कसा आखावा?

लगदा_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) लगद्याच्या तयार शीट घेऊन झाकणाचे डबे बनवणारं छोटं युनिट आहे. स्लरीत (पाण्यात कालवलेल्या लगद्यात) तंतू ०.४ टक्के, साचा १८० अंश. पाणी अडवायला एकेडी हे रसायन घालतो. तेल अडवायला आजवर फ्लोरोकेमिकल (फ्लोरिन असलेलं रसायन) होतं, पण युरोपच्या ग्राहकाला ते नको. बंद केलं की मिसळीची तर्री दहा मिनिटांत तळाच्या कोपऱ्यातून बाहेर येते. जवळच्या विद्यापीठाचा पॉलिमर विभाग सहा महिन्यांचा प्रकल्प घ्यायला तयार आहे, एक एमटेकचा विद्यार्थी मिळेल. चाचण्यांत आणि करारात काय धरावं?

पल्पर:
सगळ्यात आधी एक अट घाला: निकाल डब्यावरचा हवा, लॅबमधल्या सपाट शीटवरचा नको. शीट सावकाश बसते आणि सगळीकडे सारखी दाबली जाते. साच्यात व्हॅक्यूम काही सेकंदांत पाणी ओढतो, बारीक तंतू जाळीतून निघून जातात आणि कोपऱ्यात भिंत पातळ राहते. तेल तिथूनच सुटतं. म्हणून विभागाला तुमचाच लगदा, तुमच्या टाकीतलं फिरतं पाणी आणि महिन्यातून मशीनचा एक दिवस द्या.

पर्याय दोन आहेत. एक, लगद्यात मायक्रोफायब्रिलेटेड सेल्युलोज (तंतू चिरून केलेले अतिसूक्ष्म धागे): कोरड्या तंतूच्या २ ते ५ टक्के. रचना घट्ट होते, पण पाणी निथरायला वेळ लागतो आणि सायकल (एका फेरीचा वेळ) लांबते. ती किती सेकंदांनी वाढली हे प्रत्येक ट्रायलला लिहायला लावा, नाहीतर लॅबमधलं यश तुमच्या खर्चात बसणार नाही. दोन, स्टार्च किंवा पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा फवारा. यात कोपऱ्यात सुईएवढी छिद्रं राहतात. रंगीत तेल ओतून तळ बाहेरून पाहिला की लगेच दिसतात.

एकेडीने तेल अडत नाही, ते पाण्यापुरतंच. फिरतं पाणी गरम झालं की तेही विघटित होतं, मग डोस वाढवूनही कॉब (डबा किती पाणी शोषतो याचं माप) सुधारत नाही. दोष नव्या रसायनाचा नसताना त्याच्या माथी मारला जातो.

आणि किट चाचणीवर (तेल किती अडतं याला गुण देणारी चाचणी) विसंबू नका. ती फ्लोरोकेमिकल लावलेल्या कागदासाठी रचलेली आहे. पीफासविना, म्हणजे असल्या फ्लोरिनच्या रसायनांशिवाय, चांगला डबाही तिच्यात कमी गुण घेतो. ९५ अंशांचं तेल, ३० मिनिटं, झाकण लावून, हा निकष लिहून घ्या.

करार_आणि_पेटंट:
करारात तीन कलमं ठाम हवीत. तुमची आधीची कृती आणि साचे तुमचेच राहतील, याची यादी परिशिष्टात. प्रकल्पातून निघालेल्या शोधाची मालकी सामायिक असली तरी डब्यांपुरता वापराचा हक्क एकट्या तुमचा. आणि प्रबंध किंवा शोधनिबंध बाहेर जाण्याआधी तुम्हाला वाचायला मुदत: आधी छापून आलं तर नावीन्य जातं आणि पेटंट अडतं. तात्पुरता अर्ज लवकर करा, पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने असतात. शैक्षणिक संस्थेला पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, पण सहअर्जदार म्हणून कंपनी आली की सवलत कशी लागते ते एजंटकडून आधी तपासा.

पल्पर:
सहा महिन्यांत कंपोस्टचं प्रमाणपत्र धरू नका. ईएन १३४३२ या कंपोस्टच्या युरोपीय मानकातली जैवविघटनाची चाचणीच सहा महिन्यांपर्यंत चालते. प्रकल्पात फक्त १२ आठवड्यांची तुकडे पडण्याची चाचणी ठेवा.

लगदा_कोल्हापूर:
आभारी आहे. जुनी लाइन तशीच वापरली तर चालेल ना?

पल्पर:
धुतल्याशिवाय नाही. युरोपात १२ ऑगस्ट २०२६ पासून अन्नाच्या पॅकेजिंगमध्ये एकेका पीफासला किलोमागे २५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. एकूण फ्लोरिन किलोमागे ५० मिलिग्रॅमवर गेलं तर ते कशातून आलं याचा पुरावा द्यावा लागतो. टाकी, पाइप आणि परत पल्परमध्ये (लगदा करायच्या यंत्रात) टाकलेले जुने रिजेक्ट डबे, तिन्हींतून फ्लोरिन येत राहतं. जुने डबे वेगळे काढा, सगळं पाणी सोडून लाइन धुवा आणि पहिल्या बॅचचा एकूण फ्लोरिन तपासून घ्या. मगच विद्यार्थ्याच्या ट्रायल सुरू करा, नाहीतर त्याच्या नमुन्यांत तेल अडलं ते नव्या थरामुळे की जुन्या रसायनामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही.