गहिरमाथ्याची कासवे पाहण्यासाठी कधी आणि कसे जावे?

प्रश्न
नमस्कार. ओडिशातील गहिरमाथा सागरी अभयारण्यात ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालायला येतात, ते मुलांना दाखवावे अशी फार इच्छा आहे. फेब्रुवारीअखेर पुण्याहून निघण्याचा विचार आहे. परवानगी कोठे मिळते आणि मुक्काम कोठे करावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
गहिरमाथ्याचा आग्रह धरू नये, असे मी कळकळीने सुचवेन. १९९७ मध्ये घोषित झालेल्या, सुमारे १४३५ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याचा बहुतांश भाग समुद्रच आहे. कासवे ज्या बेटांवर अंडी घालतात ती क्षेपणास्त्र चाचणी केंद्राजवळ असून तेथे पर्यटकांना जाऊ दिले जात नाही. हा निर्बंध मला पूर्णपणे योग्य वाटतो, कारण खड्डा खणण्यापूर्वी उजेड किंवा हालचाल जाणवली तर मादी अंडी न घालताच पाण्यात परतू शकते, आणि पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालत असल्यामुळे विजेरीच्या झोतानेही त्यांची वाट चुकते. सामूहिक विणीचाच अनुभव हवा असेल, तर गंजाम जिल्ह्यातील ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळचा किनारा वनखात्याच्या सूचना पाळून पाहावा. मात्र विणीचा दिवस आधी सांगता येत नाही आणि एखाद्या वर्षी सामूहिक वीण होतही नाही, त्यामुळे मोजक्या रजेवर इतका लांबचा प्रवास आखणे जोखमीचे आहे.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे. मुले सोबत असतील तर मंडणगड तालुक्यातील वेळास किंवा दापोलीजवळचे आंजर्ले निवडावे. येथे माद्या एकेकट्या येतात. कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवण्यासाठी कासवमित्र अंडी कुंपणातल्या संरक्षित वाळूत पुरतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडलेली पिल्ले समुद्राच्या दिशेने सोडतात. ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे काम सुरू केले. ही कासवे ओडिशातल्या कासवांपासून अगदी वेगळी आहेत असेही समजू नये: २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली.

फेब्रुवारीअखेरीपेक्षा मार्चचा मध्य बरा. निघण्यापूर्वी गावातील घरगुती निवासाच्या यजमानांना दूरध्वनी करून कोणती घरटी फुटण्याच्या बेतात आहेत ते विचारावे आणि किमान दोन रात्री राहावे, कारण पिल्ले सकाळी व संध्याकाळी सोडली जातात आणि एखाद्या वेळी घरट्यावरची टोपली उचलल्यावर खाली एकही पिल्लू नसते.