भाकरीला तोंड न लावणाऱ्या कुत्रीचा आहार कसा सुधारावा?

तापीकाठ (चोपडा):
नमस्कार. आमच्याकडे तीन वर्षांची गावठी कुत्री आहे. वजन सुमारे १२ किलो. पूर्वी ती दूध-भाकरी आवडीने खात असे, परंतु अलीकडे भाकरी हुंगते आणि पाठ फिरवते. मग आई तिच्यापुढे बिस्किटे टाकते किंवा रश्श्यातील कोंबडीचे तुकडे पाण्याने धुऊन देते, आणि ते मात्र ती क्षणात संपवते. दुकानातील कोरडे खाद्य आणले, त्याचीही तीच गत झाली. एरवी ती खेळते, धावते. तिला काही काळ उपाशी ठेवावे काय, याविषयी घरात दोन मते आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ (धुळे):
उपाशी ठेवण्याचे नंतर पाहू. आधी ते रश्श्यातील तुकडे बंद करावेत. आपल्या खान्देशी काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा आणि लसूण असतोच, आणि हे दोन्ही पदार्थ कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. भाजल्याने, शिजवल्याने किंवा वाळवल्याने तो दोष जात नाही, आणि तुकडा धुतला तरी आत मुरलेला मसाला निघत नाही. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते, म्हणजे आपल्या कुत्रीला एक मध्यम कांदा पुरेसा आहे. थोडा थोडा पण वरचेवर गेला तरीही अपाय होतो. कोंबडी द्यायचीच असेल तर फोडणीपूर्वी काही तुकडे बाजूला काढून नुसत्या पाण्यात शिजवावेत आणि हाडे काढून टाकावीत, कारण शिजलेले हाड अणकुचीदार फुटते.

आता नखऱ्यांविषयी. भाकरी नाकारली की बिस्किट येते, हा हिशेब कुत्रीला पक्का कळलेला आहे. सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी ताट ठेवावे, पंधरा-वीस मिनिटांनी उचलावे, आणि मधल्या वेळेत घरातील कोणीही काही देऊ नये. आजी-आजोबांचे हात आवरणे हाच यातील अवघड भाग. निरोगी प्रौढ कुत्र्याचे एखादे जेवण चुकल्याने बिघडत नाही. मात्र दिवसभर तिने काहीच खाल्ले नाही, उलट्या झाल्या किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर पशुवैद्यकाकडे न्यावे. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही भूक मंदावते.

सातपुडावासी (यावल):
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, तथापि भाकरीचेही उणेपण ध्यानात घ्यावे. प्रौढ कुत्र्याच्या आहारात कोरड्या वजनाच्या किमान १८ टक्के प्रथिने असावीत असे अमेरिकेतील पशुखाद्य-मानक सांगते. ज्वारीत ती सुमारे १० टक्केच असतात. उडीद घातलेली कळण्याची भाकरी थोडी बरी, पण तीही एकटी पुरत नाही. भाकरी कुस्करून तिच्यात बिनमसाल्याची कोंबडी किंवा उकडलेले अंडे आणि शिजवलेला लाल भोपळा मिसळावा. मांस आणि धान्य या दोहोंत कॅल्शियम फारच कमी असते, म्हणून घरचेच अन्न कायम द्यायचे असेल तर त्याची पूरक मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. इतकी उठाठेव शक्य नसेल तर ‘संपूर्ण आहार’ असे लिहिलेले कोरडे खाद्यच मुख्य ठेवलेले बरे. त्यावर कोमट पाणी शिंपडल्यास वास सुटतो आणि कुत्री ताटाजवळ येते. बदल एकदम न करता सात ते दहा दिवसांत जुन्यातील प्रमाण घटवत करावा.

केळीबाग (रावेर):
आमच्या भागात केळी मुबलक, त्यामुळे कुत्र्यांनाही सढळ हाताने दिली जातात. केळे वर्ज्य नाही, पण १२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ७०० कॅलरी लागतात आणि वरखाऊ त्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा, म्हणजे अर्धे केळे पुष्कळ झाले. बिस्किटेही याच हिशेबात धरावीत. द्राक्षे आणि मनुका मात्र एकही देऊ नये. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

तापीकाठ (चोपडा):
सर्वांचे आभार. कांद्याचे आईला पटले आहे. एक शंका उरते: वैशाखात ती दिवसा अन्नाकडे पाहतही नाही, तेव्हा वेळा कोणत्या ठेवाव्यात?

पांझराकाठ (धुळे):
पहाटे ऊन चढण्यापूर्वी आणि रात्री अंगण निवल्यावर. आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. त्या दिवसांत थोडे कमी खाणे स्वाभाविक आहे. पाण्याचे भांडे सावलीत ठेवून दुपारी एकदा तरी बदलावे, आणि फासळ्यांवर हात फिरवून पाहत जावे: त्या हाताला लागाव्यात, पण दुरून उठून दिसू नयेत.