रविवार, रेडिओ फोर आणि आपण : अनुभव लिहा

मनवा_रेडिंग
काल लेकीने गाडीत बीबीसीचं रेडिओ फोर लावलं आणि 'द आर्चर्स' या खेड्यातल्या मालिकेची धून सुरू झाली. एकदम इंग्लंडमधलं रेडिंगचं ते भाड्याचं घर आठवलं. नवरा शिफ्टला, बाळ तान्हं, बाहेर पाऊस आणि ओळखीचं एकही माणूस नाही. स्वयंपाकघरात आधीच्या भाडेकरूंचा रेडिओ होता, तोच दिवसभर बोलायचा. रविवारी गाणी जवळपास नाहीतच, नुसतं बोलणं. पहाटे कुठल्यातरी चर्चच्या घंटा, मग शेती, प्रार्थना, नऊला बातम्या आणि वर्तमानपत्रांवर गप्पा, दहाला आर्चर्सचे आठवड्याचे सगळे भाग एकत्र, दुपारी बागकाम. शेतकरी, पाद्री, पुढारी, आजीबाई, सगळ्यांचे उच्चार वेगळे. हा देश मला आधी कानांनीच ओळखीचा झाला. तुमचे रविवार कसे असायचे? लिहा ना.

तिखटमीठ
आर्चर्स!!! १९५१ पासून चालू आहे. आमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा रोज ऐकायच्या. इंग्रजी बेताचंच, पण गाय हंबरली की "धारा काढतायत वाटतं" म्हणायच्या. युद्धानंतर शेतकऱ्यांना नव्या पद्धती कळाव्यात म्हणून ही मालिका काढली होती असं नवऱ्याने सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे आमची माती आमची माणसंच की!"

जुना_खलाशी
रविवारचंच असं नाही, पण शिपिंग फोरकास्ट, म्हणजे जहाजांसाठीचा हवामान अंदाज, कुणी ऐकायचं का? व्हायकिंग, फोर्टीज, क्रोमर्टी, डॉगर... एकूण ३१ सागरी विभाग, क्रम ठरलेला. आम्ही बोटीवर लाँग वेव्ह १९८ ला लावायचो. उत्तर समुद्रात "गेल एट", म्हणजे वादळी वारा, ऐकलं की सगळे कामाला. २००२ मध्ये फिनिस्टेर या विभागाचं नाव बदलून फिट्झरॉय केलं. ज्याने ब्रिटनचं हवामान खातं उभं केलं त्याचं नाव दिलं, हे योग्यच झालं. तरी जुन्या लोकांच्या तोंडी फिनिस्टेरच येतं.

मनवा_रेडिंग
@जुना_खलाशी काका, मला त्यातलं काही कळायचं नाही, पण बाळ त्यावर झोपायचं!

शिल्पा_के
मी केअर होममध्ये काम करायचे. एक आजी होत्या, दृष्टी गेलेली. रविवारची प्रार्थना लागली की शेवटपर्यंत कुणी खोलीत जायचं नाही. तास भरताना रेडिओवर येणारे ते सहा 'पिप' आवाज वाजले की मनगटावरच्या घड्याळाच्या काट्यांवरून बोट फिरवून वेळ बरोबर आहे ना बघायच्या. भजनं सगळी पाठ. त्या गेल्या त्या दिवशी रेडिओ बंद करायला कुणाचा हात होईना. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

तिखटमीठ
शिल्पा 🙏

मातीतला_माणूस
गार्डनर्स क्वेश्चन टाइम! १९४७ पासूनचा कार्यक्रम. गावोगावच्या हॉलमध्ये लोक प्रश्न विचारतात आणि तज्ज्ञ तिथल्या तिथे उत्तरं देतात. आमची माती चिकण, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात वीट. शरदात कंपोस्ट पसरून ठेवा, खाली न्यायचं काम गांडुळं करतील, हे मी तिथेच शिकलो. वर्षागणिक फरक दिसला. कोथिंबिरीचंही तसंच. कुंडीत सुकली की लगेच तुरे काढते, म्हणून पाणी नियमित आणि दुपारी थोडी सावली.

लाडू_संपले
रेडिओवरच्या डेझर्ट आयलंड डिस्क्सचा खेळ आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत बसमध्ये खेळायचो. निर्जन बेटावर आठ रेकॉर्ड, एक पुस्तक, एक चैनीची वस्तू. बायबल आणि शेक्सपिअर आधीच मिळतात, बायबलऐवजी आपला ग्रंथ मागता येतो. मूळ कार्यक्रम १९४२ मधला, ऐन युद्धातला! वस्तूचा काही उपयोग नसावा असा नियम, त्यावर भांडणं. एका काकूंनी पुरणयंत्र मागितलं, बसने एकमताने नामंजूर केलं.

तिखटमीठ
पुरणयंत्राशिवाय बेट कसलं 😂

कोल्हापुरी_साज
आपल्या शिरोळच्या वेणू चितळे दुसऱ्या महायुद्धात लंडनला बीबीसीत होत्या, लेखक जॉर्ज ऑरवेल काम करायचा त्याच भारतीय विभागात. बाँब पडत असलेल्या शहरातून आपल्या मुलखातली एक बाई रेडिओवर बोलत होती. आमच्याकडे शाळेत हे कुणी शिकवलं नाही, शिकवायला हवं होतं.

मनवा_रेडिंग
किती छान माहिती! आईला सांगते, ती शिरोळचीच.

अबोली
आर्चर्समध्ये १९९१ ला उषा गुप्ता आली, सॉलिसिटर. नंतर तिचं गावच्या व्हिकरशी, म्हणजे पाद्र्याशी, लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात दोन तट. बाबा म्हणे, देऊळ आणि चर्च दोन्हीकडे जाईल, बिघडलं काय. आत्या आठवडाभर रागावलेली. रेडिओवरच्या मुलीसाठी!

मातीतला_माणूस
कढीपत्ता कुणाचा हिवाळ्यात टिकतो का इथे?

तिखटमीठ
दक्षिणेच्या खिडकीत ठेवा आणि हिवाळ्यात पाणी अगदी कमी. माझ्याकडे मुळाशी फुटवे आलेत, स्लाव्हच्या बाजूला कुणी असेल तर देते.

मातीतला_माणूस
मी मेडनहेडला! रविवारी येऊ का? बागेचा कार्यक्रम संपला की निघतो.